लोकसभेचे पहिले सभापती : दादासाहेब मावळणकर

इंग्रजांच्या देशात लोकप्रतिनिधींच्या सभेच्या प्रमुखाला 'स्पीकर', म्हणजे बोलणारा, असे नाव पडले, ते तो राजापुढे उभा राहून प्रजेचे म्हणणे बोलून दाखवीत असे म्हणून. राजाला न रुचणारे बोलल्यामुळे त्यांतील काहींना प्राणांसही मुकावे लागले. पुढे राजाची सत्ता ओसरली, सभेची वाढली, आणि बोलण्यासाठी नेमलेला हा माणूस सभागृहात सर्वांत कमी बोलणारा झाला. इतरांना बोलू द्यावयाचे, बोलण्याला मर्यादा घालावयाची आणि स्वतः कोणाच्याही बाजूने बोलावयाचे नाही, एवढेच त्याचे काम उरले. हे काम वरवर पाहता सोपे वाटते. परंतु ज्या देशात लोकांच्या राज्याची परंपरा अजून घडावयाची आहे, तेथे ते किती अवघड असते, हे गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळणकर यांच्या चरित्रावरून चांगले उमगते. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे ते पहिले सभापती. आज या पदाला मराठीत 'अध्यक्ष' म्हणण्याचा प्रघात आहे. त्या काळी वृत्तपत्रांतून 'सभापती' हाच शब्द रूढ होता.

मावळणकरांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याच्या मावळंगे गावचे. आडनावही त्या गावावरूनच आलेले. कोकणातून निघून गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या तेव्हाही थोडी नव्हती. सरकारी चाकरी, वकिली, शिक्षण हे त्यांचे नेहमीचे मार्ग. काही शिक्षण राजापूरसारख्या कोकणातील गावी आणि पुढचे अहमदाबादेस, असा मावळणकरांचा विद्यार्थिदशेतील प्रवास झाला. १९०२ साली ते अहमदाबादेस आले आणि मग ते शहर त्यांनी कधी सोडले नाही. १९०८ साली गुजरात कॉलेजातून ते बी. ए. झाले, १९१२ साली मुंबईच्या सरकारी लॉ स्कूलमधून कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ साली अहमदाबादेत त्यांनी वकिली सुरू केली.

मुलखाबाहेर गेलेल्या मराठी माणसापुढे एक प्रश्न नेहमी उभा असतो. ज्या मातीत आपण राहतो तिचे व्हावयाचे, की आपल्या वाड्यापुरता एक छोटा महाराष्ट्र जपून बाहेरच्या जगाशी कामापुरता संबंध ठेवावयाचा? मावळणकरांनी या प्रश्नावर कधी वाद घातला नाही. त्यांनी तो आपल्या आचरणाने सोडविला. वकिली सुरू केली त्याच वर्षी ते गुजरात एज्युकेशन सोसायटीचे मानद चिटणीस झाले आणि १९१६ साली गुजरात सभेचे चिटणीस. पुढे त्यांनी पुस्तके लिहिली ती गुजराती भाषेत. अहमदाबादेच्या लोकांनी त्यांना 'दादासाहेब' म्हटले, म्हणजे मराठी वळणाचेच नाव दिले, पण ते दिले आपल्या माणसाला. आडनाव कोकणातल्या गावाचे, जन्म बडोद्याचा आणि मतदारसंघ अहमदाबादचा, अशा या गृहस्थाला परका म्हणण्याचे कोणास कधी सुचले नाही.

त्यांच्या वकिलीच्या त्या आरंभीच्या काळात अहमदाबादेत दुसरे एक नामांकित वकील होते, वल्लभभाई पटेल. गुजरात क्लबात संध्याकाळी वकील मंडळींची बैठक जमे आणि पत्त्यांचा डाव रंगे. दक्षिण आफ्रिकेहून परतलेले गांधी तेथे भाषणास आले असता वल्लभभाईंनी डावावरून उठण्याची तसदी घेतली नव्हती. हा माणूस तुम्हाला गव्हातले खडे निवडता येतात का असे विचारील आणि म्हणे त्याने स्वराज्य मिळणार, अशा अर्थाचा टोमणा त्यांनी मावळणकरांना मारल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. टोमणा मारणारे आणि तो ऐकणारे असे दोघेही थोड्याच काळात त्या माणसाच्या मागे गेले. १९१८ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पीक बुडाल्यामुळे सारा न भरण्याचा सत्याग्रह केला, त्यात गुजरात सभेचा मोठा वाटा होता. कायदा जाणणाऱ्या मावळणकरांना तेथे पहिल्यांदा दिसले, की नियमांचे पुस्तक सरकारच्या हाती असले तरी ते वाचण्याचा अधिकार रयतेलाही आहे. पीक ठराविक प्रमाणाखाली गेले तर सारा तहकूब करण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत होती, आणि शेतकऱ्यांचे मागणे त्या तरतुदीप्रमाणे वागा एवढेच होते.

नियमांच्या या जाणिवेला पक्केपणा आला तो अहमदाबाद नगरपालिकेत. १९१९ पासून १९३७ पर्यंत ते नगरपालिकेशी संबंधित होते. १९३० ते ३३ आणि पुन्हा १९३५-३६ या काळात ते तिचे अध्यक्ष होते. गटारे, पाणीपुरवठा, कर, शाळा या विषयांवर जेथे चर्चा होते, तेथे वक्तृत्वाला फारसा वाव नसतो. ठराव नीट लिहिलेला आहे की नाही, उपसूचना मूळ ठरावाशी सुसंगत आहे की नाही, खर्चाला मंजुरी आहे की नाही, हेच तेथे पाहावे लागते. संसदेच्या आसनावर बसून पुढे ज्यांनी देशाच्या कारभाराचे नियमन केले, त्यांची शाळा ही अशी गावच्या गटारांची आणि नळांची होती. गुजरातेत १९२७ साली महापूर आला, तेव्हा मदतकार्यातही ते होते. मधल्या काळात काही दिवस ते स्वराज्य पक्षात गेले होते. परंतु १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने त्यांना पुन्हा गांधीजींच्या मार्गावर आणले. निरनिराळ्या चळवळींत मिळून सुमारे सहा वर्षे त्यांनी तुरुंगात काढली.

तुरुंगातील या वर्षांनी त्यांना एक वेगळीच विद्या दिली. राजकीय कैद्यांच्या बरोबर तेथे चोर, दरोडेखोर, खुनी असे नाना गुन्ह्यांचे कैदी असत. मावळणकर त्यांच्याशी बोलत आणि त्यांच्या हकिकती ऐकून घेत. त्यांतील काही कैद्यांच्या खऱ्या जीवनकथा त्यांनी 'मानवतानां झरणां' या गुजराती पुस्तकात सांगितल्या आहेत. वकिलाने गुन्हेगाराचे ऐकावयाचे ते खटल्यापुरते. येथे खटला संपलेला होता, शिक्षा लागलेली होती, आणि तरीही ऐकणे उरले होते. आपल्याशी सहमत नसलेल्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे हा सभापतीचा पहिला गुण मानला, तर त्याची तालीम त्यांना साबरमतीच्या तुरुंगात मिळाली असे म्हणावयास हरकत नाही.

१९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली आणि मुंबई विधानसभेवर ते अहमदाबादेतून निवडून गेले. बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि सभागृहाने मावळणकरांना सभापतिपदी निवडले. १९३९ साली काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, गव्हर्नरांची राजवट आली, १९४२ चे आंदोलन आले. कागदोपत्री मुंबई विधानसभेचे सभापती असलेले हे गृहस्थ त्या काळात सरकारचे कैदी होते. ज्या राज्यात सभागृहाचा प्रमुख गजाआड असतो, त्या राज्यातील सभागृहाला किती अर्थ उरतो, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही.

यानंतर १९४६ साल उजाडले. दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या नव्या निवडणुका झाल्या आणि अध्यक्षपदाची निवडणूक २४ जानेवारी १९४६ रोजी ठरली. काँग्रेसचे उमेदवार मावळणकर, तर त्यांच्या विरुद्ध उभे होते सर कावसजी जहांगीर. कावसजींच्या मागे सरकारनियुक्त सभासद होते आणि मुस्लिम लीगही होती. मावळणकरांना मते मिळाली ६६ आणि कावसजींना ६३. तीन मतांच्या आधिक्याने ज्याची निवड झाली, त्याला उरलेल्या ६३ जणांचाही विश्वास संपादन करावयाचा होता. आणि तोही अशा काळात, की देशाचे विभाजन डोक्यावर घोंगावत होते आणि सभागृहातील दोन प्रमुख पक्ष एकमेकांशी बोलावयासही राजी नव्हते. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ते विधिमंडळ संपुष्टात आले, तोवर ते त्या आसनावर होते.

स्वातंत्र्याबरोबर एक चमत्कारिक पेच निर्माण झाला. घटना समिती ही एकच सभा देशात उरली. तिने घटनाही लिहावयाची आणि दैनंदिन कायदेही करावयाचे. एकच सभा दोन कामे करणार असेल तर तिचा प्रमुख कोण, नियम कोणते, मंत्र्यांना प्रश्न विचारावयाचे ते केव्हा? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी मावळणकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दोन्ही कामे वेगळी ठेवावीत आणि कायदे करण्यासाठी सभा बसेल तेव्हा तिला स्वतंत्र सभापती असावा, असा मार्ग निघाला. त्यानुसार १७ नोव्हेंबर १९४७ रोजी मावळणकर सभापती म्हणून निवडले गेले. घटना लिहिण्याच्या बैठकींचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद आणि कायदे करण्याच्या बैठकींचे मावळणकर, अशी व्यवस्था झाली. १९५० साली घटना अमलात आली, तीच सभा हंगामी संसद झाली, आणि मावळणकर तिचेही सभापती राहिले.

आता त्यांच्यापुढचे खरे काम सुरू झाले. परकीय सरकार असताना विधिमंडळातील लोकपक्षाचा धर्म एकच होता, तो म्हणजे सरकारला अडविणे. सभातहकुबीची सूचना हे त्याचे आवडते हत्यार. सभेचे ठरलेले काम बाजूला ठेवून एखाद्या तातडीच्या प्रश्नावर चर्चा करावयाची आणि सरकारवर ठपका ठेवावयाचा, असा तिचा हेतू. त्या काळी दुसरे हत्यार फारसे नव्हते, म्हणून सभापती या सूचना सढळ हाताने मान्य करीत. स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. मंत्रिमंडळ आता सभागृहाला जबाबदार होते. सभागृहाला ते पाडताही येत होते. तेव्हा तहकुबीची सूचना ही केवळ अपवादात्मक, खरोखर तातडीच्या प्रसंगीच यावी, असा निर्णय मावळणकरांनी १९५० साली दिला.

विरोधी सभासदांना हे रुचले नाही, आणि त्यांचा रोष समजण्यासारखा आहे. बाहेर काही भयंकर घडले असता त्याच दिवशी सरकारला जाब विचारता येत नसेल, तर सभागृह कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. मावळणकरांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले ते शब्दांनी दिले नाही. त्यांच्या कारकिर्दीत प्रश्नोत्तरांच्या तासाला पक्के स्वरूप आले. मंत्र्यांच्या उत्तराने समाधान न झाल्यास अर्ध्या तासाची चर्चा मागता येऊ लागली. १९५३ साली महत्त्वाच्या विषयावर अल्पकालीन चर्चेची सोय झाली. आणि १९५४ साली लक्षवेधी सूचनेची प्रथा पडली. तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्याचे लक्ष वेधून त्याच्याकडून निवेदन मिळविण्याची ही पद्धत आज लोकसभेतच काय, पण राज्याराज्यांच्या विधानसभांतही नित्याची झाली आहे. एक दार त्यांनी अरुंद केले हे खरे. पण त्याच्या बदली इतर दारे उघडली, हेही तितकेच खरे.

सभागृहात बोलले जाते त्यापेक्षा कितीतरी अधिक काम समित्यांच्या खोल्यांत होते, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. पैशाची गोष्ट पाहा. सरकारने केलेल्या खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती इंग्रजांच्या काळीही होती. पण तिचा अध्यक्ष असे खुद्द अर्थखात्याचा प्रमुख. म्हणजे ज्याने खर्च केला त्यानेच हिशेब तपासावयाचा! १९५० पासून ही समिती सभापतीच्या नियंत्रणाखाली, संसदेची समिती म्हणून काम करू लागली आणि मंत्री तिच्यातून बाहेर झाले. त्याच वर्षी अंदाज समितीही स्थापन झाली. मंत्री सभागृहात उत्तर देताना "चौकशी करू", "विचार करू", "व्यवस्था करू" अशी आश्वासने देतात आणि ती कामकाजाच्या छापील खंडांत पडून राहतात. त्या आश्वासनांचे पुढे काय झाले ते पाहण्यासाठी १९५३ च्या डिसेंबरात स्वतंत्र समिती नेमली गेली. कायद्याने मिळालेल्या अधिकारात सरकारी खाती जे नियम व उपनियम करतात ते कायद्याच्या मर्यादेत आहेत की नाहीत, हे पाहणारी समितीही त्याच सुमाराची. खासगी सभासदांची विधेयके, सभागृहाच्या कामकाजाची आखणी, सभासदांचे विशेषाधिकार, प्रत्येक विषयाला एक समिती लाभली. या समित्यांची नावे रुक्ष आहेत आणि त्यांच्या बैठकींना प्रेक्षक नसतात. पण सत्तेला हिशेब विचारण्याची यंत्रणा म्हणतात ती हीच.

सभासदांच्या वर्तनाबाबत त्यांच्या काळात एक कसोटीचा प्रसंग आला. १९५१ साली एच. जी. मुद्गल या सभासदावर असा आरोप आला, की मुंबईतील सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांनी संसदेत तिची बाजू मांडण्याचे प्रयत्न केले. सभागृहाच्या समितीने चौकशी केली आणि आरोपात तथ्य आढळले. हद्दपारीचा ठराव येताच मुद्गलांनी राजीनामा दिला. तरीही सभागृहाने त्यांचे वर्तन हकालपट्टीस पात्र असल्याचे नमूद करून ठेवले. लोकप्रतिनिधीचा आवाज विकाऊ नसतो, हा दंडक पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्यापूर्वीच घातला गेला.

ती निवडणूक १९५१-५२ साली झाली. ४८९ निर्वाचित जागांच्या लोकसभेची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी भरली आणि १५ मे रोजी सभापतींची निवड व्हावयाची होती. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मावळणकरांचे नाव सुचविले. विरोधी पक्षांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे यांना उभे केले. योगायोग असा, की स्वतंत्र भारताच्या लोकसभेच्या या पहिल्या निवडणुकीत दोन्ही बाजूंचे उमेदवार मराठी होते. मावळणकरांना ३९४ आणि मोऱ्यांना ५५ मते पडली. १९४६ चे तीन मतांचे आधिक्य आता तीनशे एकोणचाळीसवर गेले होते; पण या दोहोंपैकी कोणती स्थिती सभापतीला अधिक कठीण, हे सांगणे सोपे नाही. दोन्ही बाजू तुल्यबळ असतात तेव्हा निःपक्षपातीपणा ही गरज असते. एक बाजू प्रचंड असते तेव्हा ती केवळ सभापतीच्या सद्सद्विवेकावर अवलंबून राहते.

मावळणकरांनी आपली भूमिका लपविली नाही. ब्रिटिश स्पीकर निवड होताच पक्ष सोडतो आणि पुढच्या निवडणुकीत प्रमुख पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार उभा करीत नाहीत. भारतात तशी प्रथा नव्हती. पक्षाच्या तिकिटाशिवाय निवडून येणे दुरापास्त, आणि निवडून आल्यावाचून सभापती होता येत नाही. म्हणून ते काँग्रेसचे सभासद राहिले. मात्र पक्षाच्या वादविवादांपासून दूर राहावयाचे आणि सभागृहात पक्ष विसरावयाचा, असा नियम त्यांनी स्वतःपुरता घातला. हा मध्यम मार्ग होता, आणि मध्यम मार्गाचे दुखणे असे, की त्यावर चालणाऱ्याला प्रत्येक पावलागणिक आपला प्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो.

तो सिद्ध करण्याची वेळ १८ डिसेंबर १९५४ रोजी आली. त्या दिवशी विघ्नेश्वर मिसिर यांनी सभापतींना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. लोकसभेच्या इतिहासातील अशा प्रकारचा तो पहिला ठराव. सभापती निःपक्षपाती राहिलेले नाहीत, तहकुबीच्या सूचना ते नाकारतात, अशी विरोधकांची तक्रार होती. घटनेप्रमाणे असा ठराव विचारात असताना सभापती आसनावर बसत नाहीत. म्हणून उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार यांनी आसन ग्रहण केले. नेहरूंना हा ठराव मनस्वी लागला, आणि त्यांनी तसे बोलूनही दाखविले. परंतु आपल्या पक्षाच्या सभासदांवर या मतदानापुरते पक्षाचे कोणतेही बंधन नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. ठराव फेटाळला गेला. सभापतीला सभागृहापुढे आरोपी म्हणून उभे करता येते, त्याच्यावर उघड चर्चा होऊ शकते, आणि चर्चा संपल्यावर तो पुन्हा त्याच आसनावर बसून त्याच सभासदांना बोलण्याची संधी देतो, एवढे सगळे त्या एका प्रसंगाने देशाला दाखवून दिले. पुढे १९६६ साली मधु लिमये यांनी सरदार हुकमसिंग यांच्याविरुद्ध आणि १९८७ साली सोमनाथ चटर्जी यांनी बलराम जाखड यांच्याविरुद्ध असेच ठराव आणले, तेव्हा वाट आधी पडलेली होती.

विरोधकांना सरकारधार्जिणे वाटणारे हे सभापती सरकारला पत्रांतून काय सांगत होते, हे त्या वेळी बहुतेकांना ठाऊक नव्हते. संसदेची बैठक नसताना तातडीची निकड पडली तर राष्ट्रपतींना वटहुकूम काढता येतो. घटनेच्या १२३ व्या कलमाने तो अधिकार दिला आहे. परंतु बैठक थोड्या दिवसांवर आलेली असताना, किंवा नुकतीच संपलेली असताना, वटहुकूम निघू लागले. मावळणकरांनी १९५० साली सरकारला लिहिले, की ही पद्धत मूळातच लोकशाहीशी विसंगत आहे. १९५४ साली त्यांनी नेहरूंना पुन्हा लिहिले : अत्यंत निकडीचा प्रसंग सोडला तर वटहुकुमाचे समर्थन होऊ शकत नाही, आणि आपली लोकसभा पहिलीच असल्यामुळे परंपरा घालून देण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. आज सत्तेवर असलेली माणसे कोण आहेत, हा त्यांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. ती माणसे चांगली होती, त्यांच्याशी त्यांचा आयुष्यभराचा स्नेह होता. पण चांगल्या माणसांनी सोयीसाठी पाडलेला पायंडा पुढे कोणाच्या हाती पडेल, याची हमी कोण देणार?

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील संशोधक डी. सी. वाधवा यांनी बिहार राज्यातील वटहुकुमांचा छडा लावला. १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ वटहुकूम निघाले होते आणि त्यांतील कित्येक विधानसभेपुढे न आणता पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले होते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही घटनेची फसवणूक असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयाचा पुन्हा परामर्श घेतला. मावळणकरांनी ज्या रोगाची लक्षणे अंकुरावस्थेत ओळखली होती, त्याचे निदान न्यायालयात होण्यास पुढे छत्तीस वर्षे लागली.

सभागृहाचे नावही त्यांच्याच काळात बदलले. 'हाउस ऑफ द पीपल' या इंग्रजी नावाऐवजी 'लोकसभा' हे नाव त्यांनी १४ मे १९५४ रोजी जाहीर केले. नाव साधे आहे. पण पंचवीस वर्षांपूर्वी विठ्ठलभाई पटेल, म्हणजे वल्लभभाईंचे थोरले बंधू, याच मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष असताना सभागृहाचे कार्यालय सरकारपासून स्वतंत्र असावे म्हणून भांडले होते. ते कार्यालय आता लोकसभेचे सचिवालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याचे अधिकारी सरकारला नव्हे, सभापतीला जबाबदार राहिले. विठ्ठलभाईंनी सुरू केलेले काम त्यांच्याच प्रांतातील या मराठी गृहस्थाने पुढे नेले.

राजधानीतील या व्यापातही अहमदाबादेच्या संस्थांशी त्यांचा संबंध सुटला नाही. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी, गुजरात विश्वविद्यालयाची उभारणी, या कामांत त्यांचा पुढाकार होता. गांधी स्मारक निधी आणि कस्तुरबा ट्रस्ट यांच्या कार्यातही त्यांनी लक्ष घातले. इंदूरजवळचे कस्तुरबाग्राम हे त्या ट्रस्टच्या ग्रामीण स्त्रियांसाठी चाललेल्या कामाचे केंद्र. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, हृदयविकाराने अहमदाबादेस त्यांचे निधन झाले. लोकसभेची मुदत अजून संपावयाची होती. दहा वर्षे, एक महिना आणि काही दिवसांच्या अवधीत देशाच्या विधिमंडळाचे आसन त्यांनी जवळजवळ अखंड सांभाळले; त्या अवधीत त्या सभेची नावे, घटना आणि सत्ताधीश बदलले, आसनावरचा माणूस तोच राहिला. नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हटले, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. चिरंजीव पुरुषोत्तम मावळणकर हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९७२ साली इंदुलाल याज्ञिक यांच्या निधनानंतर अहमदाबादेत झालेल्या पोटनिवडणुकीत ते अपक्ष म्हणून लोकसभेवर आले आणि १९७५ ची आणीबाणी आली तेव्हा सभागृहात उभे राहून तिला विरोध करणाऱ्या थोड्यांपैकी ते एक होते. वृत्तपत्रांवर निर्बंध होते, अनेक विरोधी नेते तुरुंगात होते. पण सभागृहातील आपल्या जागेवरून बोलण्याचा सभासदाचा हक्क अजून शिल्लक होता. त्या हक्काच्या जपणुकीसाठी पित्याने नियम घातले आणि संकटाच्या वेळी पुत्राने त्याचा उपयोग केला, हा योग संसदेच्या इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे.

मावळणकरांनी सोडविलेल्या प्रश्नांपेक्षा त्यांनी मागे ठेवलेला प्रश्न अधिक मोठा आहे. सभापतीने पक्षात राहावे की नाही? १९६७ साली नीलम संजीव रेड्डी यांनी सभापती होताच पक्षाचा राजीनामा दिला. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्याने सभापतीला पक्ष सोडण्याची मुद्दाम मोकळीक ठेवली, आणि त्याच कायद्याने पक्षांतराचे खटले निकालात काढण्याचा अधिकारही त्याच्याच हाती दिला. २००८ साली सोमनाथ चटर्जी यांनी पक्षाच्या आदेशावरून पद सोडण्यास नकार दिला, तेव्हा पक्षाने त्यांना काढून टाकले. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणला जन्मलेल्या आणि इंदूरने आठ वेळा निवडून दिलेल्या सुमित्रा महाजन २०१४ ते २०१९ या काळात त्याच आसनावर बसल्या, तेव्हाही तो प्रश्न होताच. तो कायद्याने सुटणारा नाही. ब्रिटनमधील प्रथा शतकानुशतके मुरली तेव्हा कोठे दृढ झाली, आणि तीसुद्धा पराभूत पक्षाने आणि विजयी पक्षाने सारखीच पाळली म्हणून. एकट्या सभापतीने निःपक्षपाती राहण्याचे ठरवून भागत नाही. त्याला तसे राहू देण्याची इच्छा दोन्ही बाजूंच्या बाकांवर असावी लागते.

दिल्लीत संसदेपासून जवळच त्यांच्या नावाचे सभागृह आहे. तेथे निरनिराळ्या मतांची माणसे सभा भरवितात, एकमेकांवर टीका करतात आणि आपापल्या घरी जातात. बडोद्यास जन्मलेल्या, अहमदाबादेत वाढलेल्या आणि साबरमतीच्या तुरुंगात परक्यांच्या हकिकती ऐकून घेणाऱ्या या माणसाला याहून शोभणारे स्मारक मिळाले नसते.